रुतलेल्या गाडीसाठी किती जाड दोर घ्यावा?

चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी काइनेटिक रोप, म्हणजे दुसऱ्या गाडीने धाव घेऊन ओढताना ताणला जाणारा दोर, घ्यायचा ठरला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो सर्वांत मजबूत दोर कोणता, हा. विंचच्या, म्हणजे गाडीवर बसवलेल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराबाबत हा प्रश्न योग्य ठरला असता. इथे मात्र दोराने तुटता कामा नये हे जितके खरे, तितकेच त्याने ताणले गेले पाहिजे हेही खरे आहे, आणि गरजेपेक्षा जाड दोर हलक्या गाडीच्या ओढीने पुरेसा ताणलाच जात नाही.

यामागचे गणित साधे आहे. २,००० किलो वजनाची ओढणारी गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे निघाली, की तिच्यात सुमारे ७,७०० जूल गतिज ऊर्जा असते. साखळी किंवा न ताणला जाणारा पट्टा लावला आणि ही गाडी २० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर दोन्ही गाड्यांच्या सांगाड्यावर सरासरी जवळपास ४ टनांचा हिसका बसतो, आणि त्या हिसक्याचे शिखर याहूनही वर जाते. तीच गाडी दोर ताणत ताणत एक मीटरमध्ये थांबली, तर सरासरी ओढ ८०० किलोच्या आत राहते. शिवाय ती एका क्षणात न संपता रुतलेल्या चाकांना चिखलाची पकड सोडायला अवधी देते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, म्हणून गाडी निघाली नाही की आणखी जोरात धाव घेण्याचा मोह धोक्याचा ठरतो. त्याऐवजी फावडे घेऊन चाकांपुढची माती काढणे केव्हाही बरे.

नायलॉनच्या दुहेरी विणीचा चांगला दोर त्याच्या लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, तर त्याच कामासाठी मिळणारा नायलॉनचा चपटा पट्टा, म्हणजे स्नॅच स्ट्रॅप, सुमारे २० टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टरचा टो स्ट्रॅप फारसा ताणला जात नाही आणि विंचवर गुंडाळलेला डायनिमा या अतिमजबूत कृत्रिम धाग्याचा दोर जवळजवळ नाहीच; ही दोन्ही साधने धाव घेऊन ओढण्यासाठी नाहीत. विक्रेत्यांच्या वर्णनांत हे सगळे प्रकार एकाच नावाखाली सर्रास मिसळलेले आढळतात, त्यामुळे नावापेक्षा धागा कोणता आणि ताण किती टक्के हे पाहावे. क्वचितच वाट सोडून जाणाऱ्याला पट्टाही पुरतो, कारण तो स्वस्त असतो आणि घडी घालून सीटखाली मावतो. वारंवार चिखलात उतरणाऱ्यांनी मात्र दोरच घ्यावा, असे माझे मत आहे. त्याची ओढ अधिक मऊ असते आणि झीजही तो जास्त सोसतो.

आता जाडी. दोन गाड्यांपैकी जी हलकी, तिच्या सामानासह कमाल वजनाच्या दुप्पट ते तिप्पट एवढी दोराची तुटण्याची किमान क्षमता असावी, हा प्रचलित आडाखा मला पटतो. १९ मिलिमीटरचा दोर साधारण साडेआठ टनांना, तर २२ मिलिमीटरचा साधारण तेरा टनांना तुटतो, म्हणजे भरलेली गाडी तीन टनांच्या आसपास असेल तर पहिला पुरेसा आहे आणि साडेचार टनांच्या आसपास असेल तर दुसरा. लेबलवर छापलेला आकडा तुटण्याच्या क्षमतेचा आहे की सुरक्षित कार्यभाराचा, हे मात्र नीट वाचावे, कारण दोन्हींत अनेक पटींचा फरक असतो. लांबीच्या बाबतीत जागा असेल तर ६ मीटरपेक्षा ९ मीटरचा दोर चांगला; टक्केवारी तीच राहिली तरी प्रत्यक्ष ताण जास्त मिळतो.

दोर कितीही विचारपूर्वक निवडला तरी तो बांधायचा कुठे, हा प्रश्न उरतोच, आणि जीवघेणे अपघात बहुधा इथेच होतात. ट्रेलर जोडण्याचा टो बॉल या हिसक्यासाठी बनवलेला नसतो. तो तुटला की ताणलेला दोर त्याला गोफणीतल्या दगडासारखा भिरकावतो. वाहतुकीच्या वेळी गाडी बांधून ठेवण्यासाठी दिलेल्या पातळ कड्यांनाही हेच लागू आहे. चासीला पक्के बसवलेले आणि क्षमता नोंदवलेले हुकच वापरावेत. जोडणीसाठी लोखंडी शॅकलऐवजी, म्हणजे दोर हुकाला अडकवण्याच्या कडीऐवजी, धाग्याचा सॉफ्ट शॅकल घेतला तर उडणारे वजनच कमी होते, म्हणून दोराच्या खर्चातच त्याचाही खर्च धरावा. दोन दोर जोडताना मध्ये लोखंड मुळीच नको. बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे, आणि दोराच्या रेषेत तर कोणालाच थांबू देऊ नये.

नायलॉन ओला झाला की त्याची ताकद सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटते आणि चिखलातली बारीक वाळू विणीत शिरून आतले धागे कापत राहते, त्यामुळे काम झाल्यावर दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. लागोपाठ ओढींनंतर त्याला मूळ लांबीवर यायला थोडा वेळ द्यावा, नाहीतर पुढच्या ओढीला ताणच शिल्लक राहत नाही. टोकांच्या फासांजवळ धागे तुटलेले, वितळून कडक झालेले किंवा एखाद्या जागी दोर अचानक बारीक झालेला दिसला, तर तो गाठ मारून पुन्हा वापरू नये, कारण गाठीमुळे उरलेली ताकदही बरीच कमी होते.