बादलीतले मग

आमच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, एक निळी बादली असते. सध्या तिच्यात चार मग, एक बरणी आणि मिठाचा एक सट आहे. झाकण उघडणाऱ्याला नुसता चिखल दिसतो, तो भाग वेगळा.

दीड वर्षापूर्वी मी विजेवर चालणारं कुंभाराचं चाक घेतलं. सहा रविवार क्लासला गेले आणि वाटलं, आता घरीच करू. क्लासमध्ये जे थोडंफार जमत होतं तेही घरी जमेना. पहिले दोन महिने माझं आणि मातीच्या गोळ्याचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं: त्याने चाकाच्या मधोमध बसायचं की नाही. तो तिथे बसल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. मी हातांनी जोर लावायची आणि तो मलाच हलवायचा. खरं तर जोर लावायचाच नसतो. कोपर मांडीत रुतवायचं, हात जागचे हलू द्यायचे नाहीत. मग माती आपणहून वळणावर येते आणि गरगरणारा गोळा एका क्षणी थांबल्यासारखा दिसतो. फिरत असतो, पण कळत नाही. त्या एका क्षणासाठी मी बाथरूमच्या जाळीत अडकलेला गाळ आजवर किती वेळा उपसला असेल!

त्यानंतर सुटतो लोभ. भिंत वर येतेय ना, मग अजून थोडी उंच, अजून थोडी पातळ. मग भांडं कमरेत वाकतं आणि आईच्या भाषेत ‘बसकण मारतं’. आई समोर भाजी निवडत बसलेली असते. ‘आमच्या गावचा कुंभार बोलता बोलता एकाच गोळ्यातून पणत्यांवर पणत्या काढायचा,’ हे ती मला टोमणा म्हणून सांगत नाही, असं ती म्हणते. त्याची रीत मी करून पाहिली. मोठा उंच गोळा चाकावर ठेवायचा, वरच्या मूठभर मातीचीच पणती करायची, खालून दोरा फिरवून ती उचलायची की पुढची. माझ्या तीन झाल्या. तिन्ही तीन घरच्या वाटाव्यात अशा.

फसलेलं भांडं मात्र वाया जात नाही. पण ते लगेच बादलीत टाकायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. अर्धवट ओलं ढेकूळ पाण्यात कितीही दिवस पडलं तरी आतून घट्टच राहतं. आधी खडखडीत वाळवायचं. मग पाण्यात सोडलं की बुडबुडे काढत, चहात विसरलेल्या पार्ले-जीसारखं, बघता बघता खाली बसतं. तो गाळ जुन्या चादरीवर पसरायचा, पाणी ओढलं गेलं की मळायचा. मळायचा कणकेसारखाच, पण आत हवा राहू न देता. आज चाकावर असलेला गोळा याआधी तीनदा मग होऊन गेलाय. काहीच मनात ठेवत नाही.

भट्टी घरी नाही. जी भांडी बरी वाटतात ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवरून एका स्टुडिओत नेते. तिथे निर्णय कायमचा होतो. साधारण 600 अंशांपर्यंत मातीच्या कणात बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग ती पुन्हा भिजून माती होत नाही. फुटली तरी खापर होऊन उरते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात सापडलेली तांबडी, काळ्या नक्षीची भांडी तीन हजार वर्षांची आहेत आणि चाकावरचीच आहेत. त्या लोकांना तोटीसुद्धा जमली होती. माझी पहिली किटली तोटीपाशीच तडकली. माझा वाकडा मग इतकी वर्षं टिकावा असं त्यात काय आहे, या विचाराने दर वेळी स्कूटरची किल्ली हातात घेऊन मी घुटमळते.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा नामदेवांची दया आली होती. आता वाटतं, कच्चं असण्यात इतकं लागण्यासारखं काय होतं? कच्च्याचं अजून काहीही होऊ शकतं.

आतापर्यंत भाजून आलेल्या दोन मगांपैकी एकाची आईने तुपाची वाटी केली आहे. वाळताना आणि भाजताना मिळून माझी माती दहा-बारा टक्के आकसते, ते मी हिशेबात धरलंच नव्हतं.

काल केलेला मग जरा डावीकडे कललाय. आईने तो फिरवून फिरवून पाहिला. ‘राहू दे हा. कान बरा आलाय.’

कट्ट्यावर वाळत ठेवलाय. भट्टीत न्यायचा असला तरी वाळवावा लागतो आणि बादलीत टाकायचा असला तरीही.