क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू भरलं म्हणजे झालं?
ठाण्यात गोखले रोडला मोबाईल घ्यायला गेलं की नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते, कानावर पडतंच आणि आपण पण मान डोलावतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलंय की झिरो टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी प्रोसेसिंग फीमध्ये वगैरे लपवलेलं असतं. पण माझ्या मते खरा डेंजर प्रकार क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली निदान एवढी तरी भरा अशी कमीत कमी रक्कम. बिल २०,००० चं, मिनिमम ड्यू १,०००, धाकटी बहीण म्हणते भरले की हजार, झालं! अगं झालं कसलं, लेट फी वाचली फक्त, व्याज चालूच, आणि आता भाजीला जरी कार्ड घासलंस तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बिनव्याजी मुदत गेली. बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाचे ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी!