पासबुकातल्या शंभर-दोनशेच्या एन्ट्र्या

माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे मालवणात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर काढलेल्या असतात, त्या दोन महिन्यांत पोरं दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर बीजीएमआय नायतर फ्री फायर मॅक्स, हे बंदुकांचे गेम खेळत असतात. मला त्यात काय वाईट वाटत नाय, मी पण खेळतो. पण २०२५ च्या जुलैत माझी काकी पासबुक घेऊन दुकानात आली तेव्हापासून गेमच्या मॅचवर लागणाऱ्या सट्ट्याचा विषय डोक्यातून जात नाय, म्हणून लिहितोय.

काकी म्हणाली, "बघ रे बाबा, हेच्यातला माका काय्येक कळना नाय. सगळे पैसे खंय गेले?" बँकेतून नुकतंच छापून आणलेलं पासबुक, पावसाने कोपरे ओले झालेले. पानभर नुसत्या यूपीआयच्या एन्ट्र्या. १००, २००, १००, ५००, परत १००. आणि समोरची नावं सगळी माणसांची, कुठल्या कंपनीचं नाव नाय, दर दोन-तीन दिवसांनी नवीनच कोणतरी. मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली तर दोन महिन्यांत २३,४०० रुपये. तिच्या झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची फी होती ती.

तो माझा चुलतभाऊ, १९ वर्षांचा. संध्याकाळी त्याला शटरच्या आत बसवून विचारलं तर सगळं बोलला. टेलिग्रामवर एका ग्रुपची लिंक मिळाली, त्यावरून एका साइटवर आयडी काढला, आणि काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेमच्या मॅचवर पैसे लावायला लागला. रात्री एक-दीडला, युरोपातल्या मॅचवर. मला धक्का कसला बसला माहितीय, त्याने तो गेम जन्मात खेळलेला नाय! त्याला कॉम्प्युटर लागतो, आमच्याकडे कोणाच्या घरी तसला कॉम्प्युटर नाय. मी म्हटलं मग तुला टीमचं काय कळतं, तर म्हणे ग्रुपवर टिप येते दादा.

त्याला मी कागदावर हिशोब मांडून दाखवला तो इथे पण देतो, कारण हे पोरांना कोणी सांगतच नाय. समजा एका टीमचा भाव १.४० आहे आणि दुसरीचा २.९०. दुसरीवर १०० लावले तर जिंकल्यावर २९० मिळणार. पहिलीवरून पण तेवढेच २९० यायला हवे असतील तर २०७ लावावे लागतात. म्हणजे दोन्हीकडे मिळून ३०७ घातले आणि कोणीपण जिंको हातात येणार २९०. ते १७ रुपये साइटचे, मॅच सुरू व्हायच्या आधीच. वर चालू मॅचमध्ये पुढचा राउंड कोण घेणार यावर पण लावता येतं, आणि मोठ्या मॅचचं प्रक्षेपण मुद्दाम थोडं उशिराने सोडतात, त्यात आमच्याकडचं पावसातलं नेटवर्क, म्हणजे आपण जे बघून पैसे लावतो ते तिकडे कधीच होऊन गेलेलं असतं.

आणि मॅच तरी सरळ असते याची काय खात्री? २०१४ मध्ये अमेरिकेतली आयबायपॉवर ही काउंटर-स्ट्राइकची नावाजलेली टीम मुद्दाम हरली होती, बेट लागली होती स्किन्सची, म्हणजे गेममधल्या बंदुकांवरच्या रंग-नक्षीची, २०१५ च्या जानेवारीत वॉल्व्हने, म्हणजे तो गेम बनवणाऱ्या कंपनीने, खेळाडूंवर बंदी घातली. त्या स्किन्सना खरे पैसे येतात म्हणून त्यावरच जुगाराच्या साइट उभ्या राहिल्या आणि २०१६ मध्ये वॉल्व्हला त्यांना नोटिसा पाठवाव्या लागल्या. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मैदानातले खेळ बंद पडले, गेमिंगच्या मॅच चालू राहिल्या, तर अमेरिकेत नेवाडाने त्यावर बेट घ्यायची परवानगी दिली. हा धंदा वाढला तो असा.

आमच्या पोरांना वाटतं हे सगळं कायदेशीर आहे. बांद्याच्या पलीकडे गोव्यात कॅसिनो उघड चालतात, मग मोबाईलवर काय वावगं, असं त्यांचं म्हणणं. आधी कायद्यात घोळ होताच, आपल्याकडचा जुगारबंदी कायदा १८८७ चा, मोबाईल सोडा वीजसुद्धा नव्हती गावात, आणि कोर्टात वर्षानुवर्षं वाद एकच, कौशल्य की नशीब. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नवीन कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, बरोब्बर गणपतीच्या पाच दिवस आधी. आता कौशल्य असो नायतर नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणं बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. परदेशातून चालवला तरी सुटका नाय. पण ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने मान दिलाय, टूर्नामेंटची एन्ट्री फी चालते, बक्षीस चालतं, फक्त त्यावर बेट चालत नाय. आणि खेळणाऱ्या पोराला शिक्षा नाय, हे आईबापांनी नीट वाचा, घाबरून गप्प बसू नका, पैसे फसवून घेतले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

कायद्याने सगळं थांबेल असं मी म्हणत नाय. मटक्याचंच बघा, कापसाच्या भावावर आकडा लावायचे, ते भाव यायचे बंद झाले तर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, बंदी असून पिढ्या गेल्या त्यात. टेलिग्रामवरचे ग्रुप पण नाव बदलून परत येतात. पण रेघ कुठे मारायची ते कायद्याला कळलं आणि आमच्या घरात कळलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. काकाने काय केलं, मोबाईल काढून घेतला आणि गेमच बंद केला. चौघांची टीम होती त्यांची, कॉलेजच्या स्पर्धेसाठी रोज स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, खेळायचे, कोण कुठे उतरणार, कोण मागे राहून कव्हर देणार हे वहीत लिहून ठेवायचे. ती टीम मोडली. आणि सट्टा? तो मित्राच्या फोनवरून महिनाभर चालूच होता. चांगलं होतं ते गेलं आणि कीड राहिली!

गणपतीत सगळे घरी होते तेव्हा मी काकाशी बोललो, दोन रात्री बोललो. शेवटी ठरलं, त्याच्या फोनवर यूपीआय नाय, फीचे पैसे तो सुट्टीत माझ्याकडे काम करून फेडणार, आणि खेळायचं ते माझ्या दुकानात, नऊला शटर अर्धं ओढल्यावर. त्या ५०-५० रुपये काढून खेळायच्या वन व्ही वन रूम, म्हणजे एकास एक मॅच, त्या पण बंद, माझ्या मते तो पण सट्टाच.

आता चौघं परत बसतात. परवा काकी डबा घेऊन आली, बराच वेळ त्याच्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. मला हळूच विचारलं, "हेच्यात पैसे नाय मा?" म्हटलं नाय गे. मग स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ह्यातलो आपलो खयचो रे?"