प्रारूप विकास आराखड्यावर हरकत घेताना: गावाची बाजू नकाशात कशी मांडावी

हद्दवाढीत आलेल्या गावाचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे रस्ते, वस्ती, शेती कुठे हे ठरवणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 26. प्रादेशिक योजनेला कलम 16 खाली किमान चार महिने असतात, आणि या दोन मुदतींची गल्लत फार होते. दिवस मोजायचे ते राजपत्रातल्या तारखेपासून. गावात बातमी कधी पोचली, याला किंमत नाही.

पहिला आठवडा मी फक्त नकाशे जुळवण्यात घालवतो: आराखड्याचा नकाशा, भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणि प्रत्यक्ष शिवार. 1:10,000 प्रमाणात 1 मिलिमीटर म्हणजे 10 मीटर. तीन मीटर रुंदीचा ओढा तिथे 0.3 मिलिमीटरची रेघ होतो, आणि पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर तेवढीही रेघ कुणी ओढत नाही. पाणंद, खळवाडी, स्मशानाची वाट यांचंही तेच. चुकीचं मूळ बहुतेक वेळा कलम 25 खालच्या विद्यमान जमीन वापर नकाशात सापडतं. तिथे जे उमटलं नाही ते प्रस्तावित नकाशात कोरी जागा दिसतं, आणि कोऱ्या जागेवरून रस्ता नेणं सगळ्यात सोपं. म्हणून पहिली मागणी या नकाशाच्या दुरुस्तीची, वेगळ्या जोडपत्रात, गट क्रमांकासह. सोबत गाव नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल आणि सातबारा. विहीर किंवा वहिवाटीची वाट ‘इतर हक्कां’त नोंदलेली असेल तर ते पान आधी लावायचं. बागायत आहे हे पीकपाहणीच्या नोंदी तुमच्यापेक्षा चांगलं सांगतात.

‘आमचं गावपण टिकवा’ एवढंच लिहिलेला अर्ज हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीच्या काही कामाचा नसतो. त्यावर बोट ठेवायला नकाशात जागाच नसते. एकाच मजकुरावर तीनशे सह्या घेतल्या तरी अहवालात बहुधा एकच ओळ मिळते. त्यापेक्षा वेगवेगळ्या गटांच्या वीस नेमक्या हरकती बऱ्या.

रस्त्याचं उदाहरण घ्या. 18 मीटरचा रस्ता एका गटातून 200 मीटर गेला तर 3,600 चौरस मीटर जातात, म्हणजे 36 आर, जवळपास 36 गुंठे. शंभर गुंठेवाल्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जमीन गेली आणि उरलेल्याचे दोन तुकडे झाले. विहीर एकीकडे, ऊस दुसरीकडे. इथे ‘रस्ता रद्द करा’ म्हणून फारसं हाती लागत नाही. रस्ता बांधावर सरकवा, दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ मीटर घ्या, किंवा असलेली पाणंद रुंद करा, असा पर्याय आखून द्यावा लागतो. दोन्ही टोकं आराखड्यातल्या रस्त्यांनाच मिळाली पाहिजेत, नाहीतर तो पर्याय उभा राहत नाही. आणि शेजाऱ्याची लेखी संमती आधी. ती नसेल तर सुनावणीत तोच समोर उभा राहतो, आणि त्याचं चुकतही नाही.

खरी अडचण मात्र गावाच्या आतच असते. आराखड्याच्या नकाशात शेती विभाग हिरवा आणि रहिवासी विभाग पिवळा. ग्रामसभेत सगळ्यांना शिवार हिरवं हवं असतं आणि प्रत्येकाला आपला गट पिवळा. एकाच गावातून ‘शेती विभाग कायम ठेवा’ आणि ‘माझा गट रहिवासी करा’ असे दोन्ही अर्ज गेले की समितीचं काम सोपं होतं. त्यामुळे आधी गावानेच हिशेब मांडावा. अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा धरून घरटी दोन गुंठे पकडले, तर पुढच्या 200 घरांना 400 गुंठे, म्हणजे 10 एकर लागतात. आराखड्यात पिवळा रंग याच्या दहापट असेल तर तो कुणासाठी, हा प्रश्न आकड्यानिशी विचारता येतो. मग ती 10 एकर कुठे, हेही गावानेच सांगायचं. माझा कल नेहमी गावठाणाला लागून, सलग पट्ट्याकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड ने सुद्धा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला, कर आणि आकारणी भरून, अकृषिक मानलं. वाढ तिथेच अपेक्षित आहे असा मुद्दा त्यातून मांडता येतो. पाणी, गटार, शाळा जवळ राहतात आणि पलीकडचं शिवार तुकड्यांत फाटत नाही.

हिरवळ टिकावी म्हणून खाजगी शेतावर उद्यानाचं आरक्षण, म्हणजे जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवणं, मागणारे पुष्कळ भेटतात. हा मार्ग उलटा जातो. कलम 127 प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत संपादनासाठी काही पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. त्यानंतर त्या जमिनीला लगतच्या जमिनीसारखा वापर मिळतो. लगत रहिवासी विभाग असेल तर उद्यान मागून तुम्ही इमारत मिळवलीत. शेती टिकवायची असेल तर शेती विभागच मागावा.

कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे वेळ थोडा मिळतो. एका पानावर गट क्रमांक, आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण, काय बदलायचं, कारण, पर्याय. मागच्या पानावर पर्याय लाल रेघेने दाखवलेला नकाशाचा तुकडा. आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा, सुनावणीची नोटीस आली नाही तर तीच कामी येते. समितीने मान्य केलं म्हणजे काम झालं असं धरू नका. मंजुरी कलम 31 खाली शासन देतं, आणि तिथे सारभूत, म्हणजे मोठे, बदल सुचले तर तेवढा भाग ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणून बाजूला ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. ती यादी निघाली की आपला गट क्रमांक पुन्हा शोधायचा आणि तीच कागदपत्रं घेऊन पुन्हा जायचं.