लिस्बनमधले घर आणि पुण्यातला ग्राहक आयोग

परदेशात सुट्टीसाठी भाड्याने घेतलेले घर फसवे निघाले, तर दाद कुठे मागायची असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला : "परदेशातले प्रकरण आहे, सोडून द्या." घर लिस्बनमध्ये होते, मालक तिथलाच होता आणि ज्या संकेतस्थळावरून आरक्षण केले ती कंपनी तिसऱ्याच देशातली होती, हे सगळे खरे आहे. तरीही आमचे प्रकरण शेवटी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे आले आणि तिथेच मिटले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोर्तुगालला गेलो होतो. सोबत सासूबाई होत्या आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या असल्यामुळे घर निवडताना आमची पहिली अट जिना नको ही होती. लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर आहे, आणि अल्फामासारख्या जुन्या भागातल्या अनेक इमारतींना लिफ्ट नाही, हे वाचूनच आम्ही आव्हेनिदाश नोव्हाश या त्यामानाने सपाट भागातले तळमजल्यावरचे घर निवडले होते. विमानतळावर उतरल्यावर मालकाचा निरोप आला की त्या घरात पाण्याची गळती झाली असल्याने "तसेच दुसरे घर" दिले जात आहे. ते दुसरे घर अल्फामामध्ये चौथ्या मजल्यावर होते. लाकडी जिना एका वेळी एकच माणूस चढेल इतका अरुंद होता, बाहेरच्या भिंतीवर काळी बुरशी पसरलेली होती आणि गॅसचा गीझर पेटत नव्हता. जाहिरातीतल्या घराशी साम्य म्हणाल तर खोल्यांची संख्या तेवढी जुळत होती. सासूबाई दर मजल्याला थांबत, कठडा धरून वर चढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना उतरवणे त्याहून कठीण गेले.

पुढे जे काही हाती लागले ते त्या रात्री जमवलेल्या पुराव्यामुळे. माझ्या पतींनी रस्त्यावरच्या दारापासून, घरक्रमांक स्पष्ट दिसेल अशी सुरुवात करून, चार मजले चढून आतल्या खोल्यांपर्यंत सलग चित्रीकरण केले. मध्ये कुठेही ते थांबवले नाही, कारण तुकड्या-तुकड्यांच्या चित्रफितीवर "हे दुसरीकडचे आहे" असा आक्षेप घेता येतो. मी कंपनीशी फोनवर बोलण्याऐवजी तिच्या ॲपमधल्या संदेशखिडकीतच तक्रार लिहिली, छायाचित्रे जोडली आणि पायऱ्या नसलेले पर्यायी घर लेखी मागितले. मालकाने घर बदलल्याचा जो निरोप पाठवला होता, त्याचेही स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घेऊन ठेवले. कंपनीच्या प्रतिनिधीने पर्यायी घर तर दिले नाहीच, उलट पुढच्या प्रवासासाठी वापरता येईल असे कूपन देऊ केले. ते कूपन घेतले की तक्रार पूर्णपणे मिटली असे समजले जाईल, ही ओळ त्याच संदेशाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. आम्ही नकार लिहून पाठवला, सकाळी घर सोडले आणि बायशा भागातल्या लिफ्ट असलेल्या हॉटेलात गेलो. हॉटेलचे बिल अर्थातच जास्त होते.

पोर्तुगालमध्ये ग्राहकाच्या हातात एक चांगले साधन आहे. तिथे व्यावसायिक आस्थापनांना तक्रारवही ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, ती मागितल्यावर ग्राहकाला द्यावीच लागते, आणि पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरेही त्यात येतात. आमचा मालक समोर आलाच नव्हता, किल्ली दाराशेजारच्या पेटीत ठेवलेली होती, त्यामुळे छापील वही मागणार तरी कुणाकडे? पण तीच वही संगणकावरही भरता येते, इंग्रजीतून भरता येते, आणि व्यावसायिकाला तिचे उत्तर पंधरा कामकाजी दिवसांत द्यावे लागते. आम्ही हॉटेलात बसून ती भरली. त्याच रात्री दुसरीही एक नोंद तपासली : अशा घरांना तिथे नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या क्रमांकांची राष्ट्रीय नोंदवही कोणालाही पाहता येते. जाहिरातीत छापलेला क्रमांक त्या नोंदवहीत सापडला, पण नोंद पोर्तुगीज भाषेत होती आणि पत्ता लिहिण्याची संक्षिप्त पद्धत आम्हाला उलगडेना. मडगावला माझ्या मैत्रिणीचे वडील राहतात. त्यांचे शालेय शिक्षण पोर्तुगीज अमदानीत झालेले आहे. त्यांना ते पान पाठवले. बाबांनी फोनवर शांतपणे सांगितले, "हा पत्ता तळमजल्याचा आहे बाय, आणि रस्ताही वेगळा. तुम्हाला ठेवले त्या घराचा हा नंबर नव्हेच." म्हणजे एका घराच्या नोंदणीवर आम्हाला भलत्याच घरात उतरवले होते. हा कागद पुढे सगळ्यांत वजनदार ठरला.

लिस्बनमध्ये ग्राहकांच्या वादांसाठी लवाद केंद्र आहे आणि पाच हजार युरोंपर्यंतच्या वादात ग्राहकाने तो मार्ग निवडला तर व्यावसायिकाला त्यात यावेच लागते, हेही आम्हाला तिथेच कळले. आम्ही तो मार्ग घेतला नाही. तिथे दाद मालकाविरुद्ध मागावी लागली असती, आणि आमचे पैसे तर कंपनीने घेतले होते. शिवाय पुण्यात बसून पोर्तुगीजमधला पत्रव्यवहार सांभाळणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

परत आल्यावर कंपनीने न राहिलेल्या रात्रींचे निम्मे भाडे परत केले आणि प्रकरण बंद झाल्याचे कळवले. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत : दिलेले पैसे परत मिळणे हा परतावा, आणि आपल्याला झालेला जादा खर्च व त्रास यांबद्दल मिळते ती भरपाई. कंपनीची तक्रारखिडकी आणि बँक या दोघांकडे फार तर परताव्याचा विचार होतो. आम्ही बँकेकडे कार्डव्यवहाराबाबत आक्षेप नोंदवला, ज्याला चार्जबॅक म्हणतात आणि ज्याची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते. बँकेने तात्पुरती रक्कम जमाही केली. पण ग्राहक एक रात्र राहिला आहे आणि अंशतः परतावा दिलेला आहे, असे कंपनीने कळवताच ती पुन्हा काढून घेतली गेली. हॉटेलच्या जादा बिलाचा प्रश्न बँकेच्या कक्षेतच येत नव्हता. मिळालेला परतावाही त्या दिवशीच्या विनिमय दराने आला होता आणि कार्डावर लागलेले परकीय चलनाचे शुल्क त्यात नव्हते, हे मी खातेउताऱ्यावरून ताडून पाहिले आणि तो फरक स्वतंत्र मांडून ठेवला.

ग्राहक पंचायतीचे काम केलेले एक निवृत्त काका आमच्या सोसायटीत राहतात. त्यांनी सगळे कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, "तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलेत का?" ई-वाणिज्यासंबंधीचे २०२० चे नियम भारतात स्थापन न झालेल्या, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा देऊ करणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत. या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. शिवाय ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता व संपर्काचा तपशील देणे कंपनीवर बंधनकारक आहे. आम्ही दोन्ही मागण्या एकाच पत्रात केल्या. पोच वेळेत आली, उत्तर मात्र जुन्याच मजकुराचे आले आणि मालकाचा पत्ता दिलाच नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तिच्यामार्फत आलेले कंपनीचे नकाराचे उत्तर आमच्या कागदांत भर घालून गेले.

यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार दाखल केली. या कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने सगळा फरक पडतो तो या एका तरतुदीने; जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. जिल्हा आयोगाची मर्यादा पन्नास लाखांची आहे, ती मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर मोजतात, आणि ही रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून दाखल करता येते. मसुदा मी लिहिला आणि काकांनी त्यातली विशेषणे खोडून काढली. "संताप शपथपत्रात चालत नाही, ताई," असे म्हणून त्यांनी अडीच पाने एका पानावर आणली, आणि ते योग्यच होते. चित्रफीत, स्क्रीनशॉट व ईमेल यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडले. ते नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर हमखास हरकत येते.

मागणी आम्ही बाबवार मांडली : उरलेले भाडे व सेवाशुल्क, हॉटेलच्या बिलातला फरक, टॅक्सीचा खर्च, चलनाच्या दरातला फरक, सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दलची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. आकडे फुगवले नाहीत, आणि प्रत्येक रकमेसमोर त्या-त्या पावतीचा क्रमांक लिहिला. मालकाला जाबदेणार, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करायचे की नाही, यावर बराच विचार झाला. परदेशात नोटीस बजावण्यात महिनोन्‌महिने जातात, म्हणून आम्ही फक्त कंपनीला जाबदेणार केले आणि मुद्दा असा धरला की नोंदणी क्रमांक न तपासता घर दाखवणे आणि तक्रार येऊनही पर्याय न देणे ही कंपनीच्या स्वतःच्या सेवेतली त्रुटी आहे.

लेखी जबाबासाठी कायद्याने तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीचा जबाब मुदतीच्या अगदी काठावर आला. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, करार ग्राहक आणि मालक यांच्यातला आहे, आणि अटींनुसार वाद परदेशी न्यायालयातच चालला पाहिजे, असे त्यात म्हटले होते. पहिल्या दोन मुद्द्यांवर आम्ही कंपनीच्याच पावत्या ठेवल्या, ज्यांवर पैसे स्वीकारणारी आणि सेवाशुल्क घेणारी कंपनी म्हणून तिचेच नाव होते. तिसऱ्या मुद्द्यावर अधिनियमाचे कलम १०० दाखवले, ज्यानुसार ग्राहक कायद्यातली दाद ही इतर कायद्यांतल्या उपायांच्या जोडीला मिळालेली जादा दाद आहे.

पहिल्या सुनावण्या कागदपत्रांत आणि पुढच्या तारखांत गेल्या, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. नंतर आयोगाने कलम ३७ खाली मध्यस्थीचा पर्याय सुचवला आणि दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली. मध्यस्थीच्या बैठकीत नोंदवहीचे पान आणि जिन्याची चित्रफीत शेजारीशेजारी ठेवल्यावर कंपनीच्या वकिलांचा सूर बदलला. त्यांनी भाडे आणि हॉटेलचा फरक मान्य केला. त्रासाबद्दलच्या रकमेवर मात्र घासाघीस झाली आणि मागितल्यापेक्षा बरीच कमी रक्कम आम्ही स्वीकारली. आयोगाच्या निकालापर्यंत थांबलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, पण त्यावर राज्य आयोगात अपील होऊ शकले असते, आणि सासूबाईंना हे प्रकरण संपलेले हवे होते.

तडजोडीच्या मसुद्यात कंपनीने दोन अटी घातल्या होत्या : आम्ही तिचे नाव व रक्कम कुठेही सांगायची नाही, आणि त्या घराबद्दल लिहिलेला अभिप्राय काढून टाकायचा. दुसरी अट आम्ही नाकारली, कारण पुढच्या माणसाला जिन्याची कल्पना यायला हवी होती, आणि बऱ्याच बोलण्यानंतर ती वगळली गेली. पहिली अट मान्य केली, म्हणून इथे ना कंपनीचे नाव आहे, ना रकमेचा आकडा.