आमची वाटचाल: डाग शोधण्याकडून डाग ताडून पाहण्याकडे

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचा मेंदूचा एमआरआय वाचताना रेडिओलॉजिस्टला मदत करणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कंपनी लहान आहे. मोजके प्रोग्रॅमर, एक सल्लागार रेडिओलॉजिस्ट, आणि विक्रीपासून हिशेबापर्यंत उरलेलं सगळं माझ्याकडे.

या आजारात रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणावरच उलटते. जिथे इजा होते तिथे फ्लेअर या एमआरआयच्या एका प्रकारात पांढरा डाग दिसतो. एरवी वेंट्रिकलमधलं, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांमधलं, पाणीही तितकंच पांढरं दिसलं असतं. फ्लेअर ते काळं करतो, म्हणून त्याच्या कडेचे डाग उठून दिसतात. 2015 मध्ये यू-नेट हे प्रतिमेतले भाग वेगळे रेखणारं न्यूरल नेटवर्क आलं आणि हे डाग आपोआप रेखणं आमच्यासारख्यांच्याही आवाक्यात आलं. आमचं पहिलं उत्पादन तेच करायचं: डाग किती, एकूण आकारमान किती.

पण मायग्रेन, उच्च रक्तदाब किंवा नुसतं वाढतं वय, यांतही पांढरे ठिपके येतात. त्यामुळे डागाची जागा सांगावीच लागते. या आजाराच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडॉनल्ड निकषांच्या 2017 च्या आवृत्तीत चार जागा होत्या: वेंट्रिकलच्या कडेला, कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) किंवा त्याला लागून, ब्रेनस्टेम-सेरेबेलममध्ये (मेंदूच्या खालच्या-मागच्या भागात) आणि मज्जारज्जूत. यांपैकी किमान दोन ठिकाणी डाग हवे होते. यातल्या मेंदूतल्या जागांची वर्गवारी आम्ही लगेच जोडली. अचूकतेचे टक्के मात्र जाहिरातीत टाकले नाहीत. 2016 च्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी सात तज्ज्ञांनी 53 रुग्णांचे डाग हाताने रेखले होते. त्यांच्याही रेषा एकमेकांशी तंतोतंत जुळल्या नव्हत्या. मग आमचे टक्के कोणाच्या रेषेशी ताडून काढायचे?

खरं वळण एका न्यूरोलॉजिस्टबाईंमुळे आलं. रंगीत अहवाल बाजूला सारून त्या म्हणाल्या, "एकूण किती ते राहू द्या हो. मागच्या वेळेपेक्षा नवीन काय आलंय, ते दाखवा." औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे ठरवताना त्यांना तेच हवं असतं.

दोन स्कॅन ताडून पाहणं सोपं वाटतं, तसं ते नाही. एकदा मशीनच्या चुंबकाची ताकद 1.5 टेस्ला, एकदा 3 टेस्ला. डोकं थोडं वेगळ्या कोनात. नव्या स्कॅनला जुन्यावर नेऊन बसवलं, तर फिरवलेला स्कॅन किंचित पुसट होतो आणि कडांना नसलेले बदल दिसू लागतात. म्हणून आम्ही दोन्ही स्कॅन अर्धे अर्धे फिरवून मधल्या जागी आणतो, म्हणजे पुसटपणा दोन्हीकडे सारखा. आमच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच; गिऱ्हाईक तो कधी विचारत नाही.

2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्रिमितीय फ्लेअरवर भर दिला आणि पाठपुराव्याच्या प्रत्येक स्कॅनला सरसकट गॅडोलिनियम (ताजे डाग उजळून दाखवणारं कॉन्ट्रास्ट द्रव्य) टोचण्याची गरज नाही, असं म्हटलं. कॉन्ट्रास्टशिवाय नवा डाग ओळखायचा, तर मागच्या स्कॅनशी नीट तुलना हवीच. ती मागणी आमच्या दारात आली.

सॉफ्टवेअर निदान करत नाही. संशयित नवा डाग दाखवतं. 'हो' की 'नाही' हे रेडिओलॉजिस्ट ठरवतो. हल्ली मज्जारज्जूसाठीही विचारणा होते. रज्जू बारीक, त्यात श्वास आणि नाडीच्या ठोक्यांनी प्रतिमा हलते. आमच्याकडे तपासायला पुरेसे चांगले स्कॅन जमेपर्यंत ते काम आम्ही घेत नाही.