ईसीजी वाचण्याआधी तो नीट काढा

पॅरामेडिकच्या शिक्षणात ईसीजी आला की पहिल्याच दिवशी फळ्यावर पी, क्यूआरएस, टी अशी एका ठोक्यातल्या लहरींची आकृती येते. मला वाटतं, सुरुवात छातीपासून व्हायला हवी. शिकाऊ मुलांच्या हातून वाचताना जेवढ्या चुका होतात, त्याहून जास्त इलेक्ट्रोड चिकटवताना होतात. आणि चुकीच्या जागेवरून आलेला कागद कितीही हुशारीने वाचला तरी तो खोटंच सांगतो.

गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्या खाली दुसरी फट, म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा. तिथून मोजत चौथ्या फटीत या: हाडाच्या, पेशंटच्या उजव्या कडेला छातीवरच्या सहांपैकी पहिला इलेक्ट्रोड व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. मग आधी व्ही-४, पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४ च्या सरळ आडव्या रेषेत, बरगडीच्या वळणाने वर चढवायचे नाहीत. बाई पेशंट असेल तर काय करतोय ते सांगा, अंगावर चादर ठेवा आणि व्ही-४ स्तनाच्या खाली लावा. संकोचापोटी इलेक्ट्रोड वर सरकवू नका.

व्ही-१, व्ही-२ एक-दोन फटी वर लागणं ही नेहमीची चूक. मग तिथली आर वेव्ह, म्हणजे क्यूआरएसमधलं वर जाणारं टोक, खुरटते, टी उलटी होते आणि नसलेला जुना अटॅक दिसू लागतो.

हातापायांच्या वायरींमध्ये लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक कोनातून बघणारी नोंद. लाल-पिवळी अदलाबदल झाली की लीड वनमध्ये पी वेव्हसकट सगळं उलटं येतं आणि एरवी उलटा दिसणारा एव्हीआर लीड सरळ दिसतो. म्हणून कागद हातात आला की आधी या दोन लीड बघा.

घाम पुसा, केस दाट असतील तर रेझर फिरवा, आणि बारा लीड काढताना गाडी थांबवा. कागदाच्या कडेला 25 मिमी/सेकंद आणि 10 मिमी/एमव्ही आहे ना, तेही पाहा. मॉनिटर मोडचा फिल्टर एसटीचा, म्हणजे क्यूआरएस आणि टी यांच्या मधल्या भागाचा, आकार बिघडवू शकतो, त्यामुळे पडद्यावरच्या एसटीवरून निर्णय घेऊ नका. डायग्नोस्टिक मोडवर छापा.

वाचायचा क्रम ठरलेला असू द्या: रेट, ताल, पी, पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर), क्यूआरएस, एसटी. ताल अनियमित असेल तर 300 भागिले दोन आरमधले मोठे चौकोन हे रेटचं सूत्र सोडा. 10 सेकंदांच्या पट्टीतले आर मोजून सहाने गुणा.

सगळ्यात जपायचं ते हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकला. टू, थ्री, एव्हीएफ या त्या भिंतीच्या लीडमध्ये एसटी जेमतेम उचललेली असते, तेव्हाही एव्हीएल या लीडमध्ये ती खाली गेलेली सापडते. कधी कधी हीच पहिली खूण. थ्रीमधली उचल टूपेक्षा जास्त असेल तर हृदयाची उजवी धमनी बंद झाल्याचा संशय धरा. व्ही-४ ची वायर छातीच्या उजव्या बाजूला, त्याच फटीत लावून पुन्हा छापा आणि कागदावर पेनाने ‘व्ही-४ आर’ लिहा, कारण मशीन ‘व्ही-४’ असंच छापणार. तिथे एसटीची अर्धा मिमी उचलही महत्त्वाची, कारण ती हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही अटॅकचा फटका बसल्याची खूण. उजवा कप्पा परत येणाऱ्या रक्तावर चालतो. सॉर्बिट्रेट या छातीदुखीच्या गोळीने शिरा सैलावतात, ते रक्त कमी होतं आणि बीपी एकदम कोसळू शकतं. आपल्याकडे अनेकदा घरच्यांनी गोळी आधीच जिभेखाली दिलेली असते, म्हणून पोचल्यावर ते विचाराच.

आणि मशीनने वर ‘नॉर्मल’ छापलं, पण छातीत दुखणं चालूच असेल, तर चिकटवलेलं काढू नका. त्याच जागांवरून 10 मिनिटांनी दुसरा काढा, दोन्हींवर वेळ लिहा, शेजारी शेजारी ठेवा आणि नजर आधी एव्हीएलवर न्या.